हिरण्यकशिपूचा मसुदा

सांगवीच्या दक्षिणेला नीरा वाहते. अलीकडच्या तीरावर बारामती तालुका, पलीकडच्या तीरावर फलटण तालुका, आणि दोहोंकडे नजर जाईल तेथवर ऊस. येथून पूर्वेकडे जात जात ती इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नरसिंहपूर येथे, भीमेला मिळते. त्या संगमावर विंचूरकर सरदारांच्या आश्रयाने वैभवास चढलेले लक्ष्मीनृसिंहाचे देवालय आहे, आणि तेथील मूर्ती प्रल्हादाने स्वतः वाळूची घडविली अशी भाविकांची श्रद्धा आहे. या खोऱ्यातील कित्येक घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे स्तंभातून प्रकटलेल्या त्या उग्र देवाची कथा येथील मुलांना कळू लागण्याच्या आधीच पाठ झालेली असते. कीर्तनकार ती भक्ताच्या रक्षणाची कथा म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु तर्कशास्त्राची थोडीफार गोडी असलेल्या माणसाला तीच कथा वर्गीकरणाच्या एका विलक्षण चुकीची कथा म्हणूनही वाचता येते, आणि सजीवांची गणती मांडून बसलेल्या आजच्या शास्त्राला ती चूक पुरती परिचयाची आहे.

हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवापुढे ठेवलेला वराचा मसुदा मोठ्या कसोशीने तयार केलेला होता. माणसाकडून मृत्यू नको आणि पशूकडूनही नको. घरात नको, घराबाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. भूमीवर नको, आकाशात नको. सजीवाने नको, निर्जीवाने नको. प्रत्येक कलमात त्याने विश्वाचे दोन भाग केले, दोन्ही भागांचा निषेध केला आणि आता तिसरी वाट उरलेली नाही अशा समजुतीने तो निर्धास्त झाला. त्याची चूक कोठे झाली ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘माणूस’ आणि ‘माणूस नसलेले’ हे दोन भाग केले असते, तर खरोखरच तिसरे काही उरले नसते, कारण एकाचा अभाव म्हणजेच दुसरा. परंतु ‘माणूस’ आणि ‘पशू’ हे एकमेकांचे अभाव नव्हेत. ती आपापल्या लक्षणांनी युक्त अशी दोन भावरूप कुळे आहेत, आणि त्या दोघांनी मिळून सगळी सृष्टी व्यापली आहे याचा दाखला त्याने कोठूनही आणला नव्हता. जो भेद केवळ पाहण्यात आला होता, त्याला त्याने पूर्ण विरोध मानले. नरसिंह त्या फटीतून आला.

कार्ल लिनियसने 1735 साली आपला निसर्गव्यवस्थेचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यानेही जवळपास हेच केले. खनिजे, वनस्पती आणि प्राणी अशा तीन सृष्टी त्याने मांडल्या. म्हणजे सजीवापुरते पाहिले तर दोनच. जे हलते, खाते आणि संवेदना बाळगते ते प्राणी. जे एका जागी उभे राहून वाढते ते वनस्पती. शेताच्या बांधावर उभे राहून पाहिले तर हा भेद इतका स्वयंस्पष्ट वाटतो की त्याची सनद मागण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु गोठ्याचे धुवण ज्यात उतरते आणि पाटाचे पाणी जेथे साचून हिरवट होते, अशा डबक्यातला थेंबभर अंश सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात युग्लीना नावाचा एकपेशी जीव भेटण्याचा पुष्कळ संभव असतो. चातीसारखा निमुळता देह, एका टोकाला चाबकासारखी हलणारी एक तंतुमय शेपटी, तिच्या बुडाशी उजेडाचा वेध घेणारा तांबडा ठिपका, आणि सबंध अंगात पसरलेली हिरवी हरितलवके. उजेडात असला की तो पानाप्रमाणे आपले अन्न स्वतः तयार करतो. अंधारात ठेवला तर भोवतालच्या पाण्यात विरघळलेले अन्न शोषून निभावून नेतो. वनस्पतीच्या पेशीला जी ताठ भिंत असते ती त्याला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला आपल्या दफ्तरात घेतले, प्राणिशास्त्रज्ञांनीही घेतले, आणि नामकरणाचे दोन स्वतंत्र कायदे त्याच्यावर एकाच वेळी आपला हक्क सांगू लागले.

मग दफ्तर वाढत गेले. 1866 साली हेकेलने अशा जीवांकरिता तिसरी सृष्टी काढली. 1969 मध्ये व्हिटेकरने पाच सृष्टींची मांडणी केली. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी ही तीच मांडणी आज आपल्या शाळांतील आठवीची मुले पाठ करतात. पण ती पाठ होण्याच्या आधीच तिच्यातील पहिले घर फुटलेले होते. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी सूक्ष्म जीवांच्या रायबोसोममधील आरएनएची अक्षरमाला ताडून पाहिली आणि असे दाखविले की, ज्यांना आजवर सरसकट जीवाणू म्हटले जात होते त्यांच्यात परस्परांपासून अत्यंत दूरची दोन घराणी आहेत. यांपैकी ज्याला पुढे आर्किया म्हणू लागले, त्यातील काही मंडळी गुरांच्या पोटात आणि आपल्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करण्याचे काम मुकाट्याने करीत असतात. दिसायला जीवाणूंसारखी असली तरी वंशाने ती त्यांच्यापेक्षा तुमच्याआमच्या अधिक जवळची आहेत.

याहूनही चकित करणारी गोष्ट उसाच्या फडातली आहे. ऊस वाढीला लागला असता एखाद्या बेटात शेंड्यातून पानाऐवजी लांब, काळसर चाबूक बाहेर पडतो, त्याच्यावरचे रुपेरी पातळ कवच फाटते आणि हात लावताच काजळीसारखी भुकटी बोटांना लागते. शेतकरी तिला काणी म्हणतो, ते बेट मुळासकट उपटून जाळतो आणि शेजारच्याला सावध करतो. ही काणी म्हणजे एक कवक आहे. लिनियसच्या हिशेबात कवके वनस्पतींत मोडत होती, आणि जागचे न हलणारे ते वनस्पती या न्यायाने दुसरे होणार तरी काय. परंतु कवकाच्या पेशीची भिंत ज्या कायटिनची असते ते द्रव्य खेकड्याच्या कवचात आणि टोळाच्या पाठीवर सापडते. कवक आपली शिल्लक पिष्टाच्या रूपात नव्हे, तर आपल्या यकृताप्रमाणे ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. आणि 1993 साली प्रथिनांच्या रचनेवरून असे निश्चित होत गेले की कवके आणि प्राणी हे एकमेकांचे निकटचे भाऊबंद असून वनस्पती त्या दोघांपासूनही दूरची आहे. तेव्हा काणीने धरलेले बेट उपटणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात जे असते, त्यातील रोग हा उसापेक्षा त्या शेतकऱ्याचाच जवळचा नातलग आहे.

येथे आपल्या परंपरेतील विभागणी आठवल्याशिवाय राहत नाही. उपनिषदांनी जीवांचे जन्मावरून भाग केले: वारेतून जन्मणारे जरायुज, अंड्यातून जन्मणारे अंडज, घामातून वा ओलीतून जन्मणारे आणि भूमी भेदून वर येणारे. पुराणांनी चौऱ्याऐंशी लक्ष योनींची खातेवार वाटणी दिली. चरकाने वनस्पतींची विभागणी फुलाफळांवरून केली, कारण त्याला औषध हवे होते. जैन आचार्यांनी इंद्रियांची मोजदाद केली: झाडाला एक इंद्रिय, अळीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, गाईला आणि माणसाला पाच, कारण त्यांना प्रश्न पडला होता तो हिंसेच्या प्रमाणाचा. या विभागण्यांना आज अशास्त्रीय म्हणून हसण्याचा शिरस्ता आहे, तो मला उथळ वाटतो. प्रत्येक वर्गीकरण हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते, आणि अहिंसेच्या प्रश्नाला वंशावळीचे उत्तर देणे हे वंशावळीच्या प्रश्नाला अहिंसेचे उत्तर देण्याइतकेच गैरलागू आहे. मात्र जन्मावरून केलेली विभागणी जेव्हा सृष्टीचे स्वरूप सांगण्याचा दावा करते, तेव्हा तिलाही तिचा नरसिंह भेटतो. ऑस्ट्रेलियातून आलेल्या प्लॅटिपसचे कातडे 1799 साली जॉर्ज शॉच्या हाती पडले तेव्हा बदकाची चोच कोणी शिवून तर लावली नाही ना, अशी शंका त्याला आली. पुढे 1884 मध्ये हा प्राणी अंडी घालतो हे निर्विवाद ठरले, आणि पिलांना तो दूध पाजतो हे तर आधीच ठाऊक होते. अंडज म्हणावे तर दूध, जरायुज म्हणावे तर अंडे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुल, गण, वर्ग, संघ, सृष्टी हे जे विभाग आपण करतो ते वस्तूत असतात, की पाहणाऱ्याच्या बुद्धीत? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर कित्येक शतके तलवारी घासल्या. वैशेषिकांच्या मते अनेक गाईंत समवायाने राहणारे गोत्व हा एक नित्य आणि खरा पदार्थ आहे. गाय जन्मते आणि मरते, गोत्व जन्मत नाही आणि मरतही नाही. बौद्धांना हे मान्य नव्हते. दिङ्नागाच्या परंपरेत गोत्व म्हणजे ‘गाय नसलेल्यांहून वेगळे असणे’ एवढेच. तेथे सत्य आहे ते क्षणिक असे व्यक्तिविशेषच, आणि वर्ग ही बुद्धीची सोय. ज्यांनी दोन्ही बाजूंचे ग्रंथ वाचले असतील त्यांना या वादात बौद्धांचा पक्ष अधिक चलाख आणि वैशेषिकांच्या बाजूने लढणाऱ्या नैयायिकांचा अधिक प्रामाणिक वाटण्याचा संभव आहे. निदान मला तसा वाटतो. कारण नैयायिकाने जातीला खरे मानले खरे, पण कोणत्याही मनात येईल त्या धर्माला जातीचा दर्जा देण्यास त्याने नकार दिला. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त जातीला बाधक अशी सहा कारणे सांगितली. त्यांपैकी दोन येथे कामाची आहेत.

पहिले म्हणजे संकर. दोन धर्म असे असतील की काही ठिकाणी पहिला आहे पण दुसरा नाही, काही ठिकाणी दुसरा आहे पण पहिला नाही, आणि तरीही काही ठिकाणी दोन्ही एकत्र आहेत, तर ते दोन्ही जाती असू शकत नाहीत. आकाश भूत, म्हणजे पंचमहाभूतांपैकी एक, आहे पण मूर्त, म्हणजे मर्यादित परिमाणाचे, नाही; मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी मात्र भूतही आहे आणि मूर्तही. म्हणून भूतत्व आणि मूर्तत्व या जाती नव्हेत. याचा अर्थ असा की खऱ्या जाती एकमेकींना अर्धवट छेदत नाहीत. एक तर दुसरीच्या पोटात संपूर्ण बसते, नाहीतर तिच्या संपूर्ण बाहेर राहते. उदयनाचार्यांना सस्तन प्राण्यांशी कर्तव्य नव्हते, पण सजीवांच्या वर्गीकरणात जी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे ती त्यांच्या या कसोटीत शब्दशः बसते. दूध पाजणारे सगळेच पाठीचा कणा असणारे आहेत. कणा नसून स्तनग्रंथींचे दूध पाजणारा एकही प्राणी पृथ्वीवर सापडत नाही. पिसे असणारे सगळेच कण्याचे. गट गटाच्या पोटात बसतात, आणि हे कोणी योजून केलेले नसते.

हे असे का, हे उदयनाचार्यांनी सांगितले नाही; ते डार्विनने 1859 मध्ये सांगितले. त्याच्या ग्रंथात आकृती अशी एकच आहे, आणि ती फाटे फुटत जाणाऱ्या रेघांची आहे. जीव एकमेकांच्या पोटात बसणाऱ्या गटांत विभागले जातात, कारण ते एकमेकांपासून फुटत गेलेले वंश आहेत. या दृष्टीने पाहिले म्हणजे प्लॅटिपसचा तिढा सुटतो: अंडे घालणे ही सर्व सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांची जुनी चाल असून त्याने ती सोडली नाही एवढेच. अंडजत्व ही जात नव्हे, ती पिढीजात चालत आलेली आणि काहींनी मोडलेली वहिवाट आहे. वर्गीकरणातील काय खरे आणि काय सोयीचे याचा निवाडाही येथेच होतो. मौज्याच्या नकाशावर गटनंबरांच्या हद्दी असतात आणि नीरेचे पात्रही असते; हद्दी मोजणीदाराने आखलेल्या, पात्र नदीने आखलेले. अमुक समूहाला कुल म्हणावे की गण, याची गणना पहिल्या जातीच्या रेघांत होते आणि ती कोणत्याही परिषदेत बदलता येते; कोण कोणापासून कधी फुटला हे मात्र कोणाच्या ठरावाने बदलत नाही. तेव्हा नित्य असे गोत्व मानण्याचे कारण उरत नाही, पण बौद्ध म्हणतो तशी ती निव्वळ बुद्धीची करामतही राहत नाही. नाते खरे आहे.

एवढ्यावर मनाचे समाधान व्हावे, तर तोच युग्लीना पुन्हा आडवा येतो. त्याच्या अंगातील हरितलवक त्याचे स्वतःचे नव्हे. त्याच्या एका पूर्वजाने एक हिरवे शैवाल गिळले आणि ते न पचवता पोटात ठेवून घेतले, त्याचे ते वारस. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली आग्रहाने मांडल्याप्रमाणे, आपल्या पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकाही एके काळी स्वतंत्र जीवाणूच होत्या. म्हणजे दोन वंश पूर्वी कधी तरी एकमेकांत मिसळले आणि त्या मिसळणीतून झाडे, काणी, युग्लीना आणि आपण असे सगळेच आलो. फाटे फुटतात तसे संगमही होतात. उदयनाचार्यांनी जो संकर दाराबाहेर ठेवला होता, तो आपल्या देहाच्या पायाभरणीतच निघाला. नव्य नैयायिकांपैकी काहींनी संकराला जातिबाधक मानण्याचे कारण नाही असा पक्ष घेतला होता, आणि तो काळाच्या पुष्कळ पुढचा ठरला असे म्हणावे लागते.

या विवेचनाचा मनुष्याच्या ठिकाणी उपयोग करताना फार सावधपणा बाळगावा लागतो, आणि तो प्राचीनांपैकी काहींनी अर्वाचीनांपेक्षा अधिक बाळगला होता. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण बुद्धांकडे गेले तेव्हा बुद्धांनी प्रथम जीवसृष्टीची यादी सांगितली: गवते आणि झाडे, किडे आणि मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी, यांच्यात जातीजातींची निरनिराळी चिन्हे देहावर दिसतात, माणसांत मात्र केसांपासून पायांपर्यंत तसे एकही चिन्ह नाही, भेद आहे तो केवळ नावाचा. युक्तिवादाची ही धाटणी मोठी मार्मिक आहे, कारण तीत वर्गीकरण नाकारलेले नाही. उलट ते गांभीर्याने घेऊन, त्याच्याच नियमाने माणसांतील जातींचा दावा फेटाळला आहे. अश्वघोषाच्या नावावर चालत आलेल्या ‘वज्रसूची’त हाच विचार पावलांच्या ठशांवरून पुढे नेला आहे: गाय, हत्ती, घोडा यांची पावले ओळखता येतात, चार वर्णांची येत नाहीत. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांनी वज्रसूचीचा आशय अभंगांत आणला, तो बहुधा या प्रदेशाला सर्वांत जवळचा दुवा. 1839 साली विल्किन्सनने वज्रसूची छापली तेव्हा तिच्यासोबतच सुबाजी बापू या पंडितांनी तिचे खंडनही छापविले, म्हणजे हा वाद आपल्याकडे एकतर्फी चालला नाही.

पश्चिमेत मात्र लिनियसनेच 1758 च्या आवृत्तीत एकीकडे माणसाला वानरांच्या गणात बसविण्याचे धैर्य दाखविले आणि दुसरीकडे त्याच माणसाचे खंडवार चार भाग करून प्रत्येकाला रंग आणि स्वभाव वाटून दिले. त्याची बीजे दीडशे वर्षांनी नाकांची मापे घेणाऱ्या जनगणनेच्या अधिकाऱ्यांनी आपल्याकडे पेरली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध दाखवावा, ही गुरूंची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहून ठेवले. माप हातात आल्यावर ते ज्याच्या पदरात पडेल त्याच्या पदरात पडू देणे, ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नव्हे. त्या काळी, त्या संस्थेत, त्या गुरूंसमोर तर नव्हेच.

आता उदयनाचार्यांच्या दुसऱ्या बाधकाचा हिशेब राहिला. ज्या धर्माचा आश्रय एकच व्यक्ती आहे, तो धर्म जात नव्हे. आकाश एकच असल्यामुळे आकाशत्व ही जात नाही. याचा दाखला सांगवीच्या फडातच उभा आहे. नीरेच्या पाटपाण्यावर पूर्वी पुंड्या ऊस होता. जाड, गोड आणि नाजूक. आज जो ऊस उभा आहे तो शुद्ध वंशाचा नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, जी 1912 साली स्थापन झाली, बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड उसाचा संकर काश नावाच्या, नदीकाठी पांढरे तुरे काढणाऱ्या रानटी गवताशी केला आणि त्यातून काटक संतती निर्माण केली. 1918 चा को 205 हा त्यातला पहिला. तेव्हापासून या देशातील उसाच्या अंगात दोन जातींची गुणसूत्रे एकत्र नांदत आहेत. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून, जे नीरेच्याच खोऱ्यात 1932 पासून आहे, याच संकरित वंशाचे नवे नवे वाण बाहेर पडत आले. कोइमतूरच्या ज्या वाणाला महाराष्ट्रात ‘नीरा’ हेच नाव मिळाले तो को 86032 हा शेतकऱ्यांच्या तोंडी नुसता ‘शहाऐंशी शून्य बत्तीस’ असतो.

परंतु हा वाण बियांनी वाढत नाही. तुरा न आलेल्या उसाची दोन-तीन डोळ्यांची टिपरी कापून सरीत दाबली की डोळा फुटतो, आणि नवे बेट जुन्याच उसाचा पुढचा भाग असते. खोडवा ठेवला तर तीच मुळे पुन्हा फुटतात. कोइमतूरमध्ये एकदाच जन्मलेल्या एका रोपट्याच्या देहाचे तुकडे आज अनेक जिल्ह्यांत पसरलेले आहेत. नैयायिकाला विचारले तर तो म्हणेल की येथे व्यक्तीच एक, मग जात कसली? कायद्याचे उत्तर वेगळे आहे. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने वाणाच्या नोंदीसाठी वेगळेपण, एकरूपता आणि स्थैर्य अशा कसोट्या ठरविल्या आहेत, आणि एकाच व्यक्तीच्या तुकड्यांइतके एकरूप दुसरे काय असणार? त्यामुळे ज्या गोष्टीमुळे दर्शनात जात बाद होते, तीच दफ्तरात वाणाची नोंद पक्की करते. पिकाच्या दृष्टीने पाहता येथे नैयायिकाचे म्हणणे अधिक टिकाऊ ठरते. उत्तर प्रदेशात को 0238 या एकाच वाणाखाली प्रचंड क्षेत्र गेले आणि लाल कूज त्याच्यावर चालून आली तेव्हा एका फडातला ऊस जितका असहाय होता तितकाच दुसऱ्या फडातलाही ठरला, कारण दुसरा असा कोणी नव्हताच. आणि नवा वाण शोधणाऱ्यांना रोगाशी झुंजण्याची ताकद हवी असते तेव्हा ते आजही काशाच्या रानटी वंशाकडेच वळतात.